न्यूज पण करायची आणि कंपन्यांची कामं पण, मग कॅमेरा कोणता घ्यायचा?

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. पारोळा-एरंडोल पट्ट्यात एका चॅनेलला स्ट्रिंगर म्हणून, म्हणजे पगारावर नाही तर स्टोरीमागे पैसे घेऊन, बातम्या देता, आजपर्यंत मोबाईल आणि मित्राकडून मागून आणलेला कॅमेरा यावर धकवलं, आता एका जिनिंगवाल्याची फिल्म आणि एका पाईप कंपनीची डीलर मीट अशी दोन कामं आलीत आणि अडीच लाखात स्वतःचा कॅमेरा घ्यायचाय. लग्नाचा स्टुडिओवाला मित्र म्हणतो डोळे झाकून सोनीचा एफएक्स३० (लेन्स बदलता येणारा मिररलेस) घे, जुना चॅनेलवाला कॅमेरामन म्हणतो सोनीचाच झेड९० कॅमकॉर्डर (लेन्स अंगचीच असलेला व्हिडिओ कॅमेरा) घे. दोघंही खोटं बोलत नाहीयेत, फक्त दोघं आपापल्या धंद्याचं बोलताहेत.

मी जळगावात बसून हे दोन्ही धंदे बरीच वर्षं करतोय, मिनी डीव्हीच्या कॅसेटी ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हातात देऊन मुंबईला पाठवायचो तेव्हापासून. तर माझं मत सांगतो, पण आधी प्रश्न जरा उलटा करू. "कोणता कॅमेरा चांगला" हे विचारलं तर उत्तर मिळत नाही, कारण आज सगळेच चांगले आहेत. विचारायचं असं की माझ्या कामातला कोणता क्षण असा आहे जो पुन्हा मिळणार नाही, आणि तेव्हा माझ्या हातात काय असायला पाहिजे. बाकी सगळं भाड्याने आणता येतं.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही. पहिली म्हणजे पैसा कुठून येतो. स्ट्रिंगरला स्टोरीमागे काय मिळतं आणि किती महिन्यांनी मिळतं ते तुम्हाला माहितीये, मी सांगायला नको. नुसत्या न्यूजच्या पैशात अडीच लाखाचा कॅमेरा फिटत नाही, हे आधीच कागदावर मांडून घ्या. आणि आजकाल चॅनेल मोबाईलचा फीड घेतं, लाइव्ह तर बहुतेक जण मोबाईलवरच देतात, त्यामुळे चॅनेलसाठी म्हणून कॅमेरा घेताय असं समजू नका. कॅमेरा फिटणार आहे तो कंपन्यांच्या कामातून. न्यूजमुळे ओळखी होतात, दारं उघडतात, आमदाराचा पीए नावाने ओळखतो, मग त्याच ओळखीतून कारखान्याचं काम येतं. आपल्याकडे तरी धंदा असाच चालतो.

दुसरी गोष्ट, "कॉर्पोरेट" म्हणजे नेमकं काय. पुण्या-मुंबईत कॉर्पोरेट म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे ती गुळगुळीत ॲड फिल्म येते. खान्देशात कॉर्पोरेट म्हणजे दहातली सात-आठ कामं कार्यक्रमाची असतात. डीलर मीट, शेतकरी मेळावा, ठिबकवाल्यांचं चर्चासत्र, पतसंस्थेची वार्षिक सभा, शाळेचं गॅदरिंग, कॉलेजची कॉन्फरन्स, कारखान्यात सेफ्टी वीक, कुणाचा तरी अमृतमहोत्सव. उरलेल्या दोन-तीन कामात फिल्म असते, म्हणजे मालकाची मुलाखत, मशीनचे शॉट, ड्रोन, मागे म्युझिक. आणि कार्यक्रमाचं काम हे कॅमेऱ्याच्या दृष्टीने न्यूजसारखंच आहे. मंत्री एकदाच दीप लावतो, अध्यक्ष एकदाच बोलतो, तुम्ही हॉलच्या मागच्या टोकाला उभे, आणि कुणी रिटेक देत नाही. म्हणजे बघा, न्यूज आणि कॉर्पोरेट असे दोन ढीग तुम्ही केलेत, ते तसे नाहीतच. एका बाजूला न्यूज अधिक इव्हेंट, आणि दुसऱ्या बाजूला एकटी फिल्म.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे. स्वतःच्या मालकीचा घ्यायचा तो एक इंची सेन्सरचा कॅमकॉर्डर घ्या, झूम अंगचीच असलेला, एनडी (प्रकाश कमी करणारी काळसर काच) आत असलेला, एक्सएलआर (माइकच्या तीन पिनी जाड वायरचं इनपुट) असलेला. फिल्मचं काम आलं की एफएक्स३० किंवा तसला मिररलेस लेन्ससकट भाड्याने आणा. जळगाव, धुळे, भुसावळ, कुठेही लग्नवाल्यांकडे मिररलेस ढिगाने पडलेत, लग्नाची तारीख नसेल तर ते आनंदाने देतात. फिल्मची तारीख आधी ठरते, त्यामुळे भाड्याचं जमतं. पण रात्री दोनला हायवेवर टँकर उलटला तर कोणाचं दार वाजवणार?

आता का, ते सांगतो, कारण नुसतं "हे घ्या" म्हटल्याने तुमचा मित्र ऐकणार नाही.

झूम. झेड९० ला १२ पट ऑप्टिकल झूम आहे, फोटोवाल्यांच्या भाषेत २९ ते ३४८ एमएम. एफएक्स३० ला लोक जी १८-१०५ लेन्स लावून फिरतात ती त्याच हिशोबात साधारण २७ ते १५७. पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे उघडतात तेव्हा पोलीस तुम्हाला जिथे थांबवतात तिथून पाणी दरवाज्याखालून सुटताना दाखवायचं असेल, किंवा हेलिपॅडवर दोरीच्या अलीकडून उतरणाऱ्या माणसाचा चेहरा पाहिजे असेल, तर १५७ मध्ये काही होत नाही. मोठी लेन्स घेता येते, पण मग जवळचं आलं की लेन्स बदला, आणि तोपर्यंत माणूस गाडीत बसून गेलेला असतो. शिवाय कॅमकॉर्डरचं रॉकर झूम असतं, बोटाने हळू दाबलं तर झूम हळू जातं, ऑनएअर चालेल असं. मिररलेसची रिंग फिरवून तसं करणं म्हणजे कसरत.

एनडी. हे आपल्याकडे झूमपेक्षाही महत्त्वाचं आहे आणि दुकानदार याच्याबद्दल कधी बोलत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे आपण २५ फ्रेमवर शूट करतो आणि शटर १/५० ठेवतो, नाहीतर ट्यूब आणि स्वस्त एलईडीखाली चित्र लुकलुकतं. आता एप्रिल-मे मध्ये दुपारी बाराला भुसावळच्या यार्डाजवळ उभं राहून १/५० वर चित्र जळू न देता काढून दाखवा. आयरिस, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक, बंद करत करत एफ११ वर गेलात तर एक इंची सेन्सरवर चित्र मऊ पडायला लागतं, आणि शटर वर नेलं तर हालचाल तुटक दिसते. कॅमकॉर्डरवर एनडीचा खटका असतो, १/४, १/१६, १/६४, सभामंडपातून उन्हात आलात की एक बोट हलवायचं, झालं. एफएक्स३० आणि त्याचा मोठा भाऊ एफएक्स३, दोघांतही आत एनडी नाही. बाहेरून व्हेरिएबल एनडी लावावा लागतो, तो स्वस्तातला असेल तर वाइडला आकाशात काळी फुली पडते. आणि एस-लॉगमध्ये (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून काढलेलं फिकं चित्र) शूट करायचं म्हटलं तर बेस आयएसओच ८००, म्हणजे उन्हात एनडीशिवाय सुटकाच नाही.

त्याच उन्हातली आणखी एक गोष्ट. एफएक्स३० ला डोळा लावायचा व्ह्यूफाइंडर नाही, फक्त स्क्रीन. आपल्या उन्हात स्क्रीनवर स्वतःचं तोंड दिसतं. झेड९० ला व्ह्यूफाइंडर आहे, डोळा लावला की फोकस, एक्सपोजर सगळं कळतं. हुड लावून, डोक्यावर रुमाल टाकून काम होतं, पण बाईटच्या गराड्यात चार बूम माइकच्या मध्ये रुमाल कुठे सांभाळणार.

आवाजाचं जरा सविस्तर सांगतो, कारण इव्हेंटचं पेमेंट आवाजावर अडकतं. चित्र थोडं हललं तर चालतं, साहेबांचं भाषण फाटलेलं असेल तर बिल निघत नाही. हॉलमध्ये गेल्यावर पहिलं काम म्हणजे साउंडवाल्याशी दोस्ती, चहा पाजा, आणि मिक्सरमधून एक आउट मागा. तो एक्सएलआर वायर देतो. आता तुमच्या कॅमेऱ्याच्या हँडलवर त्या इनपुटला एक खटका असतो, लाइन, माइक, माइक अधिक ४८ व्होल्ट (कंडेन्सर माइकला लागणारी वीज). मिक्सरचा आउट लाइन लेव्हलचा असतो, तो माइकवर ठेवलात तर मीटर सतत लाल आणि आवाज असा फाटतो की एडिटमध्ये कुणाचा बाप तो नीट करू शकत नाही, लेव्हल कमी करून पण नाही, कारण तो आत येतानाच फाटलेला असतो. आणि ४८ व्होल्टवर ठेवून मिक्सरला जोडायचं तर अजिबात नाही. तर लाइनवर ठेवा, आवाजाचा चॅनेल एक मॅन्युअल करा, साउंडवाल्याला माइकवर बोलायला सांगून मीटर साधारण उणे बारा डीबीच्या आसपास ठेवा, कारण प्रत्यक्षात बोलणारा नेहमी टेस्टिंगपेक्षा जोरात बोलतो. चॅनेल दोनवर कॅमेऱ्याचाच माइक चालू राहू द्या, टाळ्या आणि हॉलचं वातावरण त्याच्यात येतं आणि मिक्सरवाल्याने मध्येच फेडर खाली ओढला तर तेवढं तरी हातात राहतं. आणि घूं असा गुणगुणाट येत असेल तर कॅमेऱ्याचं ॲडॉप्टर काढून बॅटरीवर चालवा. बऱ्याच मंगल कार्यालयांत अर्थिंगची बोंब असते, कॅमेरा आणि मिक्सर वेगवेगळ्या पॉइंटवर लावले की तो हम येतो, ॲडॉप्टर निघालं की बहुतेक वेळा जातो.

हे सगळं एफएक्स३० वर होत नाही असं नाही. त्याचं एक्सएलआर हँडल घेतलं की दोन इनपुट मिळतात. पण बॉडी नुसती मिळते आणि हँडलसकट पण मिळते, दोन्हीच्या भावात बराच फरक आहे, तेव्हा मित्र जो भाव सांगतोय तो कशाचा ते विचारून घ्या.

आता मित्राची बाजू, कारण ती पण खरी आहे. अंधारात मिररलेसपुढे एक इंची सेन्सर टिकत नाही. झेड९० ची लेन्स वाइडला एफ२.८ आणि पूर्ण झूमवर एफ४.५ होते (आकडा वाढला की प्रकाश कमी येतो), रात्री गेन, म्हणजे चित्र उजळवायचा खटका, १८ डीबीवर गेला की मुंग्या दिसायला लागतात. न्यूजला ते चालतं, कॅमेऱ्यावर छोटा एलईडी लावून भागतं, पण कंपनीचा मालक "मागचं ब्लर" मागतो. त्याने यूट्यूबवर पाहिलेलं असतं आणि त्याला तेच हवं असतं. एक इंचीवर थोडं मागे सरकून, झूम करून, माणसाला भिंतीपासून लांब बसवलं तर बरंच ब्लर येतं, पण मिररलेसवरच्या ३५ एमएम एफ१.८ लेन्ससारखं नाही येणार. मुलाखतीचा लूक, कलर ग्रेडिंगला १० बिट ४:२:२ (म्हणजे रंगाचा जास्त तपशील) फोरके (फुल एचडीच्या चौपट बारीक चित्र), स्लो मोशनला फोरकेमध्ये १२० फ्रेम, हे सगळं एफएक्स३० देतो. झेड९० चं १० बिट ४:२:२ फक्त एचडीत आहे, फोरकेत ८ बिट ४:२:० आणि तेही जास्तीत जास्त ३० फ्रेम. फिल्मच्या कामाला एफएक्स३० वरचढच आहे, यात वाद नाही.

पण तुमचं पहिलंच फिल्मचं काम जिनिंगचं आहे म्हणून एक सांगतो. जिनिंगमध्ये हवेत रुई तरंगत असते, नुसत्या डोळ्यांना कमी दिसते, संध्याकाळचं तिरपं ऊन शेडमध्ये आलं की कळतं किती आहे. तिथे लेन्स बदलायची नाही. सेन्सरवर एक तंतू बसला की पुढच्या प्रत्येक शॉटमध्ये आकाशात तो केसासारखा दिसतो आणि तुम्हाला ते घरी मोठ्या स्क्रीनवरच कळतं. जळगावच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये, नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर, दीपनगरच्या वीज केंद्राच्या राखेच्या पट्ट्यात, सगळीकडे हाच नियम. मिररलेस नेणार असाल तर एकच झूम लेन्स लावून आत जा, बदलायचीच असेल तर गाडीत काचा बंद करून बदला. कॅमकॉर्डरची लेन्स निघतच नाही, म्हणून तिथे तो जास्त निर्धास्त. आणि जिनिंगमध्ये बिडी ओढणाऱ्याला जसं हाकलतात तसं गरम हॅलोजन लावणाऱ्याला पण हाकलतात, बरोबरच आहे, कापसाला आग लागायला वेळ लागत नाही. एलईडीच न्या, आणि बॅटरीवरचीच न्या, शेडमधल्या पॉइंटला हात लावू नका.

उष्णतेचं. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की ० ते ४० अंशात वापरा. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४४-४५ होतं. म्हणजे आपण दोन महिने कंपनीच्या नियमाबाहेरच काम करतो. एफएक्स३० मध्ये पंखा आहे, तो तसा टिकतो, पण ज्या छोट्या मिररलेसमध्ये पंखा नाही ते फोरकेमध्ये उन्हात ठेवले की वॉर्निंग देऊन बंद पडतात, नेमके भाषणाच्या मध्यात. कुठलाही कॅमेरा असो, पांढरा पंचा ओला न करता वर टाका, मंडपाच्या सावलीत उभे राहा, बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका, आणि स्क्रीन उघडी ठेवायची गरज नसेल तर मिटून व्ह्यूफाइंडर वापरा.

मॉडेलचं पटकन सांगून टाकतो. झेड९० २०१७ चा आहे, जुना झालाय, पण चॅनेल आणि एजन्सीवाल्यांनी भरपूर वापरलाय, त्यामुळे रिपेअरवाले त्याला ओळखतात. त्याचाच भाऊ एनएक्स८०, बॉडी तीच, पण एसडीआय आउट नाही आणि एचडीतलं १० बिट नाही. एसडीआय तुम्हाला पाहिजे का? डीलर मीटला एलईडी वॉलवर लाइव्ह द्यायचं असेल तर पाहिजे. एचडीएमआयची वायर दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही आणि कुणाचा पाय लागला की निघते, एसडीआय हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि तिची बीएनसी पिन फिरवून लॉक होते. एचडीएमआयला कन्व्हर्टर लावून पण काम होतं, पण तेवढी एक वस्तू जास्त, तेवढी एक पॉवर जास्त. कमी बजेट असेल तर एनएक्स१००, तोही एक इंची, १२ पट झूम, दोन एक्सएलआर, एनडी, आणि एनपी-एफ बॅटऱ्या चालतात ज्या प्रत्येक लग्नवाल्याकडे असतात. फक्त तो फुल एचडी आहे, फोरके नाही. पॅनासॉनिकचा सीएक्स३५० पण बघा, २० पट झूम आणि वाइडला २४.५ एमएम, गराड्यात बाईट घ्यायला ती वाइड फार कामाला येते, पण अंगाने मोठा आहे, मोटरसायकलवर फिरणाऱ्याने आधी बॅगेत घालून बघावा. कॅननचा एक्सए५५ एक इंची, १५ पट, एसडीआयसकट, ऑटोफोकस छान. खांद्यावरचा एमसी२५०० कुणी स्वस्तात देत असेल तर नाही म्हणा, दिसायला रुबाबदार, लोक बाजूला होऊन वाट देतात हे खरं, पण आत १/४ इंची छोटा सेन्सर आहे.

तुम्ही विचारलंय फोरके लागेल का. न्यूजला नाही. चॅनेल एचडीतच जातं. उलट फोरकेचा त्रास होतो, साधा हिशोब करा. ५० एमबीपीएसवर दोन मिनिटांची क्लिप ७५० एमबी होते, फोरके १०० एमबीपीएसवर दीड जीबी. धडगाव-मोलगीकडे काठी गावची होळी कव्हर करायला गेलात आणि तिथे अपलोड दोन एमबीपीएसने चाललंय, तर ७५० एमबीला पन्नास मिनिटं लागतात, तोवर बुलेटिन संपतं. तीच क्लिप ८ एमबीपीएसची केली तर १२० एमबी, आठ मिनिटात गेली. झेड९० मध्ये मूळ फाइलबरोबर हलकी प्रॉक्सी फाइल पण रेकॉर्ड होते, घाई असेल तर ती पाठवा, मूळ नंतर. आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचीच वेळ आली तर व्हिडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते चित्राचा पार चेंदा करून टाकतं. कंपनीच्या मुलाखतीला फोरके उपयोगी, एकाच कॅमेऱ्यावर शूट करून एडिटमध्ये क्लोज कापता येतो. तेवढ्यासाठी भाड्याचा आहेच.

पैशाची वाटणी. अडीच लाखातले अडीच लाख कॅमेऱ्यात घालू नका, हे मी कोणालाही पहिलं सांगतो. नवा झेड९० घ्यायला गेलात तर बजेट त्यातच संपेल आणि तुम्ही डगमगत्या ट्रायपॉडवर महागडा कॅमेरा ठेवून उभे राहाल. सेकंडहँड पण चांगला कॅमकॉर्डर घ्या आणि उरलेल्यात फ्लुइड हेडचा ट्रायपॉड घ्या, वायरवाला डायनॅमिक हँड माइक घ्या, एक चांगला वायरलेस लेपल (कॉलरला लावायचा माइक), तीन बॅटऱ्या, आणि कार्डं वेगात व्ही३० दर्जाच्या खालची नको. ट्रायपॉड हलवून बघायचा असेल तर दुकानातच पूर्ण झूम करून रस्त्यापलीकडच्या पाटीवर पॅन करा, सुरुवातीला आणि थांबताना झटका बसला की तो सोडून द्या, बाकी दुकानदार काय सांगतो ते ऐकू नका. वायरलेसचं असं आहे की ते छोटे डबीवाले माइक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, बंद खोलीत मुलाखतीला मस्त, पण सभेत हजारो मोबाईलच्या गर्दीत तुटतात. बाईटला वायरच बरी.

दोन कार्ड स्लॉट असले की इव्हेंटला दोन्हीवर एकदम रेकॉर्ड लावा. कार्यक्रम संपल्यावर कंपनीचा माणूस "आत्ताच द्या" म्हणून मागे लागतो, एक कार्ड कॉपी करून द्या, दुसरं खिशात. ५० एमबीपीएसला तासाला साडेबावीस जीबी धरून चला, ६४ चं कार्ड अडीच तासाच्या आसपास चालतं, त्यात खान्देशातला एक सत्कार समारंभ कसाबसा बसतो.

सेकंडहँड बघताना मेनूत अवर्स मीटर शोधा, प्रोफेशनल सोनीत बहुतेक असतो, लग्नात घासलेला आहे की कपाटात पडलेला ते तिथेच कळतं. एनडीची प्रत्येक पायरी लावून पांढऱ्या भिंतीवर आयरिस जमेल तेवढी लहान करून बघा, डाग असेल तर दिसतो. पूर्ण झूमवर लांबच्या अक्षरांवर फोकस बसवून मग वाइडला या, वाइडला मऊ झालं तर लेन्सचा प्रॉब्लेम. दोन्ही एक्सएलआरला कंडेन्सर माइक लावून ४८ व्होल्ट येतो का बघा. एचडीएमआय आणि एसडीआयची वायर लावून हलवा. दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून दहा मिनिटं सलग रेकॉर्ड करा. आणि मूळ बिल मागा, सिरीयल नंबर जुळवा, बिल नसलेला स्वस्त कॅमेरा म्हणजे उद्या कोणाचा तरी चोरीचा निघायचा. नवा घेतलात तर जीएसटीचं पक्कं बिल घ्या, "बिलाशिवाय इतके कमी" म्हणणाऱ्याकडून घेतलात तर वॉरंटीला कोणी उभं करत नाही, आणि तुमचं स्वतःचं जीएसटी रजिस्ट्रेशन आधीच झालेलं असेल तर त्या १८ टक्क्यांचं क्रेडिट पण गेलं.

आता माझं उत्तर कुठे उलटं होईल ते पण सांगतो. तुम्ही न्यूज सोडायच्या विचारात असाल, किंवा एखाद्या कंपनीने वर्षभराचं रील आणि प्रॉडक्ट फिल्मचं काम लेखी दिलं असेल, तर मित्राचं ऐका, एफएक्स३० घ्या, एनडीचे आणि हँडलचे पैसे बाजूला ठेवून. तसंच चॅनेलचं काम पूर्ण मोबाईलवर चालत असेल आणि डेस्कला काही तक्रार नसेल तर न्यूज मोबाईलवरच राहू द्या, चांगला गिंबल आणि मोबाईलला लागणारा वायरवाला माइक घ्या, आणि कॅमेऱ्याचा निर्णय निव्वळ कंपनीच्या कामावर करा. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तुम्हाला दोन्ही करायचंय, एकट्याने करायचंय, आणि मोटरसायकलवर फिरून करायचंय. त्याला कॅमकॉर्डरच.

आणि घाई करू नका. हातात दोन कामं आहेत, त्याच कामांत दोन्ही कॅमेरे वापरून बघा. डीलर मीटला एलईडी वॉलवाल्याकडून कॅमकॉर्डर भाड्याने घ्या, त्याच्याकडे असतोच, बिलात ते भाडं लावा. जिनिंगच्या फिल्मला मित्राचा एफएक्स३० घ्या, मित्राला पैसे द्या, फुकट मागू नका. ॲडव्हान्स मात्र दोन्हीकडून आधी घ्या. जिनिंगचं शूट तसंही दिवाळीच्या पुढेमागेच होईल, कापूस आल्याशिवाय मिल चालू होत नाही आणि बंद मशीनची फिल्म कोणी बघत नाही, म्हणजे तोपर्यंत जुन्या बाजारात फिरून चार कॅमेरे हाताळायला तुम्हाला वेळ आहे.